लेझी जॅक: उतरवताना जवळ, चढवताना दूर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बोट ३२ फुटी, चालवणारे दोघंच. मेनसेल, म्हणजे मुख्य शीड, खाली सोडलं की ते डेकभर पसरतं आणि एकाला केबिनच्या छपरावर चढून, हलत्या बूमला (शिडाच्या तळाशी असलेल्या आडव्या दांड्याला) धरून ते गोळा करावं लागतं. त्यामुळे लेझी जॅक, म्हणजे उतरणारं शीड बूमवर धरून ठेवणाऱ्या दोऱ्या, बसवायचा विचार आहे. पण ओळखीतले काहीजण सांगतात की शीड चढवताना बॅटन (शिडाच्या खिशांत घातलेल्या ताठ पट्ट्या) त्यात अडकतात, आम्ही वैतागून काढून टाकले. मग बसवावेत का, स्वतः बसवता येतील का, आणि वापरायचे कसे?

बसवा. स्वतः बसवता येतात, एका शनिवार-रविवारचं काम आहे. मात्र बसवताना एक गोष्ट पहिल्यापासून धरून चाला: लेझी जॅक शीड उतरवण्यासाठी असतात. चढवताना ते वाटेत येतात. म्हणून ते कायमचे ताठ बांधून न ठेवता, अर्ध्या मिनिटात पुढे ओढून डोलकाठीशी लावून टाकता येतील असे बसवायचे. "काढून टाकले" म्हणणाऱ्यांच्या बोटी मी पाहिल्या आहेत. बहुतेकांनी दोऱ्या बूमवर नि डोलकाठीवर पक्क्या बांधलेल्या असतात, ढील द्यायची सोयच नसते. तशा दोऱ्यांत बॅटन अडकणारच.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. डोलकाठीच्या साधारण मधल्या उंचीवरून बूमच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या उतरतात आणि खाली येताना दोन-तीन फाटे फुटून बूमला ठिकठिकाणी जोडलेल्या असतात. शीड खाली येतं ते या दोन जाळ्यांच्या मधून, आणि इकडेतिकडे न सांडता बूमवर येऊन बसतं. ही काही आजकालची युक्ती नाही. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात शिडावर ऑयस्टर काढणाऱ्या स्किपजॅक बोटींवर मेनसेल प्रचंड आणि माणसं मोजकी, तिथे या दोऱ्या सर्रास असत. अडचण तीच, जी तुमची आहे.

खरेदीआधी तुमचं शीड नीट बघा. पुढची कड सरकपट्ट्यांवर, म्हणजे स्लाइड किंवा कारवर चालते का? तसं असेल तर उत्तम. शीड खाली आलं तरी पुढची कड डोलकाठीला धरून राहते आणि एकावर एक घड्या पडतात. पण पुढच्या कडेत नुसता दोर शिवलेला असेल आणि तो खाचेतून सरकत असेल, तर उतरवताना ती कड खाचेबाहेर येऊन सुटी होते आणि पुढचा भाग डेकवर पडतो, लेझी जॅक असोत वा नसोत. अशा वेळी आधी स्लाइड शिवून घेण्यावर पैसे घाला. पूर्ण लांबीच्या बॅटन असलेलं शीड सगळ्यात शहाण्यासारखं पडतं. आखूड बॅटनचं, वापरून मऊ झालेलं शीड दोऱ्यांच्या मधून पोटासारखं बाहेर लोंबतं. तरी डेकवर पसरण्यापेक्षा ते बरं.

आता मोजमापं. उदाहरणादाखल तुमच्या शिडाची तळकड ३.६ मीटर आणि पुढची कड ११ मीटर धरतो, स्वतःचे आकडे त्यात घाला. वरचं टोक बूमपासून मोजून पुढच्या कडेच्या ६० ते ६५ टक्क्यांवर, म्हणजे ६.५ ते ७ मीटरवर घ्या. यापेक्षा बरंच खाली घेतलं तर शिडाचा वरचा भाग दोऱ्यांच्या कक्षेत येण्याआधीच वाऱ्याने बाहेर फेकला जातो. फार वर घेतलं तर दोऱ्या उगाच लांब होतात, फडफडतात, आणि बॅटनना अडकायला जास्त जागा मिळते. स्प्रेडर (डोलकाठीच्या आधारतारा बाहेर ठेवणारा आडवा दांडा) या उंचीच्या आसपास असेल तर डोलकाठीऐवजी स्प्रेडरच्या खालच्या अंगाला, डोलकाठीपासून १५-२० सेंटिमीटर बाहेर, कप्पी लावणं मला जास्त पसंत आहे. दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांमधलं तोंड रुंद होतं, बॅटनना वाट मिळते, आणि रात्री नांगरावर असताना दोरी डोलकाठीवर टकटक वाजत नाही. मात्र स्प्रेडर दाबाखाली काम करतो, त्यात मनाला येईल तिथे भोकं पाडू नका. शंका असेल तर भोक न पाडता मुळाशी मऊ दोरीचा घट्ट फास बांधून त्यात कडी अडकवा.

बूमवर तीन जागा पुरतात. पहिली गूजनेकपासून (बूम डोलकाठीला जोडणाऱ्या सांध्यापासून) साधारण पाव लांबीवर, ०.९ ते १ मीटर. दुसरी २ मीटरच्या आसपास. तिसरी ३ मीटर किंवा थोडी मागे, म्हणजे तळकडेच्या ८५ टक्क्यांपर्यंत. मागची जागा चोरू नका. शीड खाली येताना मागची कड आणखी मागे फेकली जाते आणि सगळ्यात जास्त कापड तिथेच साचतं. पॅडआय (दोरी बांधायच्या छोट्या पक्क्या कड्या) बूमच्या बाजूंना मध्यावर लावा. वरच्या काठावर लावले तर शीड बसायची जागा अरुंद होते. तळकड बूमच्या खाचेत न बसवता सुटी ठेवलेली असेल, तर पॅडआयऐवजी दोरी बूमच्या खालून पलीकडे नेता येते. तेही चांगलं चालतं, फक्त रीफच्या, म्हणजे जोराच्या वाऱ्यात शीड लहान करायच्या, दोऱ्यांशी गुंतत नाही ना ते बघा.

भोकं पाडायच्या आधी रंगीत तालीम करा, ही माझी आग्रहाची विनंती. वारा पडलेल्या सकाळी बोट धक्क्याला बांधलेली असताना स्प्रेडरच्या मुळाच्या वर डोलकाठीभोवती दोरीचा फास टाका. तो मुळावर अडून राहतो, खाली घसरत नाही. त्याला दोन कड्या, त्यातून दोन स्वस्त दोऱ्या, आणि बूमवर त्या नुसत्या गुंडाळून चिकटपट्टीने धरा. शीड चढवा, सोडा, पुन्हा चढवा, पुन्हा सोडा. पाच-सहा वेळा केलंत की कुठे कापड बाहेर येतं, कोणती बॅटन कोणत्या दोरीत नाक खुपसते, हे डोळ्यांना दिसतं. मधली जागा माझ्या बोटीवर कागदावरच्या आकड्यापेक्षा ३० सेंटिमीटर मागे सरकली, ती याच तालमीमुळे. चिकटपट्टी सरकवायला कष्ट नाहीत, भोक सरकवता येत नाही.

दोऱ्यांची मांडणी अशी. प्रत्येक बाजूला तीन तुकडे. पहिला तुकडा वरच्या कप्पीतून जातो. त्याचं एक टोक डोलकाठीलगत खाली येऊन क्लीटवर (दोरी अडकवायच्या खुंटीवर) थांबतं, दुसऱ्या टोकाला एक कडी. त्या कडीतून दुसरा तुकडा मोकळा जातो. त्याचं एक टोक बूमच्या पुढच्या पॅडआयला बांधलेलं, दुसऱ्या टोकाला आणखी एक कडी. या दुसऱ्या कडीतून तिसरा तुकडा मोकळा जातो आणि त्याची दोन टोकं बूमच्या मधल्या नि मागच्या पॅडआयला. कड्यांतून दोरी मोकळी सरकत असल्यामुळे ताण आपोआप तिन्ही फाट्यांत वाटला जातो, आणि क्लीटवरून एक दोरी सैल केली की ती बाजू पूर्ण सैल पडते. खालची कडी बूमपासून किमान मीटरभर उंच राहू द्या, नाहीतर बूमवर साचलेल्या शिडाच्या ढिगात ती गाडली जाते.

दोरी कमी ताणणाऱ्या पॉलिएस्टरची, विणलेली, ५ किंवा ६ मिलिमीटर. त्याहून बारीक दोरी थंडीत, ओल्या हाताला कापते आणि शिडावरही कड उमटवते. रबरी दोर मुख्य दोरीच्या जागी वापरू नका. शिडाचं वजन आलं की तो ताणला जातो आणि नेमक्या वेळी जाळी खाली बसते. धातूच्या कप्प्या आणि शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या जोडकड्या) शिडाच्या उंचीत कुठेही नकोत. त्या वाऱ्यात फिरतात, कापडावर आपटतात, शिवणी तोडतात. गुळगुळीत ॲल्युमिनियमच्या बिनचाकाच्या कड्या मिळतात, त्या घ्या, नाहीतर दोरीच्या टोकाला विणलेला डोळाही पुरतो. लांबी या उदाहरणात एका बाजूला साधारण २५ मीटर लागते. कमी आणू नका, कारण दोरी पुढे ओढून ठेवायला जास्तीची ढील लागते. हिशोब सोपा आहे. मागच्या पॅडआयपासून वरच्या कप्पीपर्यंत तिरकं अंतर ७.६ मीटर भरतं. तीच दोरी बूमलगत ३ मीटर पुढे नेऊन मग डोलकाठीलगत ७ मीटर वर नेली की १० मीटर. म्हणजे अडीच मीटरची ढील हवी, आणि हाताला खेळायला थोडी वर.

डोलकाठीवर काम करताना दोन वेगवेगळ्या हॅलयार्डवर (शीड चढवायच्या दोरांवर) चढा. एकावर खुर्ची, दुसरा सुरक्षेसाठी. दोन्ही दोर खुर्चीला बोलाईन गाठीने थेट बांधायचे, झटक्यात उघडणाऱ्या शॅकलवर जीव टांगायचा नाही. खाली विंचवर (दोर ओढायच्या रहाटावर) असलेल्या माणसाने दुसरं कोणतंही काम करायचं नाही. विजेच्या विंचने माणूस वर ओढू नका. हत्यारं मनगटाला किंवा खुर्चीला बांधलेली असू द्या.

भोक पाडताना ड्रिलच्या पात्यावर टोकापासून ८ मिलिमीटरवर चिकटपट्टीचं जाड वेटोळं घाला, म्हणजे पातं आरपार गेलं की तिथेच थांबतं. डोलकाठीच्या आत हॅलयार्ड आणि दिव्यांच्या तारा असतात, त्यांना पात्याची एक टोच पुरते. दोन बाजूंची भोकं एकाच आडव्या रेषेत न घेता वरखाली घ्या, आणि आधीच्या भोकांपासून, स्प्रेडरच्या जोडापासून लांब राहा. ४.८ मिलिमीटरच्या मोनेल (निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या) रिव्हेट वापरा. ॲल्युमिनियमच्या साध्या रिव्हेट इथे कमजोर पडतात. मोनेल कडक असते, हातातल्या छोट्या रिव्हेट पकडीने ती तुटत नाही, लांब दांड्याची पकड मागून आणा. स्टीलचा पॅडआय आणि ॲल्युमिनियम यांच्यामध्ये गंजरोधक लेप भरपूर लावा, रिव्हेट घालण्याआधी भोकातही. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू उघडे एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पॅडआयभोवती पांढरी भुकटी दिसू लागली तर समजा की लेप कमी पडला.

गूजनेकजवळ, बूमच्या उंचीवर, डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक आकडा लावा. दोऱ्या पुढे ओढल्या की त्या या आकड्यांमागे अडकवायच्या. ही दोन छोट्या वस्तूंची जोडी या व्यवस्थेचा जीव आहे, आणि विकतच्या संचांत नेमकी हीच बऱ्याचदा नसते.

आता वापर. चढवायची वेळ झाली की आधी शिडाभोवती दोन-तीन पट्टे बांधा. हे विसरलात तर जाळी सैल होताच आख्खं शीड घसरून डेकवर येतं. मग दोन्ही बाजूंच्या दोऱ्या क्लीटवरून सोडा, फाटे मुठीत धरून पुढे आणा, आकड्यांमागे अडकवा, आणि राहिलेली ढील पुन्हा ओढून क्लीटवर घ्या, म्हणजे दोऱ्या डोलकाठीला चिकटून ताठ राहतात. बोटीचं नाक वाऱ्यावर, मेनशीट (बूम आत-बाहेर करायची दोरी) आणि व्हँग (बूम खाली ओढून धरणारी) सैल, बूम थोडी उचललेली. पट्टे सोडा आणि चढवा. अडकायला वाटेत काही उरलेलंच नसतं.

धावपळीत दोऱ्या पुढे घ्यायला वेळ मिळाला नाही तर? तेव्हा नाक अगदी वाऱ्यावर हवं, पाच अंशांची चूकही शिडाला एका बाजूच्या दोऱ्यांत ढकलते. इंजिनावर हळू पुढे जात राहा, वारा सरळ समोरून येतो आणि शीड मधोमध फडफडतं. हॅलयार्ड ओढणाऱ्याची नजर वरच्या बॅटनच्या मागच्या टोकावर पाहिजे, विंचवर नाही. टोक दोरीजवळ आलं की हात थांबवा, शीड पलीकडे फडफडायची वाट बघा, मग दोन हात भराभर ओढा. बॅटन अडकलीच तर जोर लावू नका. विंचची ताकद बॅटनचा खिसा उलटा करून टाकते. फूटभर खाली सोडा, सुटते.

उतरवताना क्रम महत्त्वाचा आहे. दोऱ्या आकड्यांतून सोडून मागे येऊ द्या आणि क्लीटवर ओढून घ्या. मग टॉपिंग लिफ्टवर (डोलकाठीच्या माथ्यावरून बूमचं मागचं टोक पेलणाऱ्या दोरीवर) बूमचं वजन घ्या, किंवा तुमची व्हँग आतून स्प्रिंगची, बूम पेलणारी असेल तर तिच्यावर. नंतर नाक वाऱ्यावर, मेनशीट ओढून बूम मधोमध पक्की. यानंतरच हॅलयार्ड, तोही विंचवर एक वेढा ठेवून, हातात धरून. एकदम सोडून दिलात तर वरचा भाग खालच्या भागाला ओलांडून दोऱ्यांबाहेर पडतो. शीड मध्येच अडून राहत असेल तर दोष बहुधा दोऱ्यांचा नसतो, डोलकाठीच्या खाचेचा असतो. मीठ बसलेली खाच गोड्या पाण्याने धुवा, सुकू द्या, कोरडा सिलिकॉन फवारा. तेल किंवा ग्रीस नको, ते धूळ धरतं आणि शीड काळं करतं.

नवं, कडक कापडाचं शीड पहिल्या काही वेळा वेडंवाकडं पडतं. धक्क्याला आल्यावर त्याला हाताने नीट घड्या घाला, एक डावीकडे, एक उजवीकडे, रोज त्याच जागी. दहा-बारा वेळांत मोड बसतात आणि मग ते स्वतःच त्या घड्यांत उतरू लागतं.

टॉपिंग लिफ्टबद्दल जरा थांबून सांगतो. लेझी जॅक शीड पेलतात, बूम नाही. एका रात्री लाटा चांगल्या उठलेल्या होत्या, रीफ घ्यायची घाई होती, आणि मी टॉपिंग लिफ्ट न ओढता हॅलयार्ड सोडला. बूमचं सगळं ओझं, वर लाटेचा हिसका, डाव्या बाजूच्या मागच्या दोरीवर आलं. बूमवरचा पॅडआय दोन्ही रिव्हेटांसकट उपटून निघाला आणि बूम कॉकपिटच्या काठावर आदळली. मिनिटभरापूर्वी तिथे माझा साथीदार बसला होता. तेव्हापासून आमच्या बोटीवर हॅलयार्डला हात लावणारा आधी मोठ्याने विचारतो, "लिफ्ट घेतली?" आणि उत्तर आल्याशिवाय सोडत नाही. तुम्ही दोघं आहात, तुम्हीही ही सवय लावून घ्या.

रीफ घेताना लेझी जॅकचा फायदा आणखी कळतो, खाली आलेलं कापड ते झोळीसारखं धरून ठेवतात. फक्त दोन गोष्टी तपासा. रीफची मागची दोरी लेझी जॅकच्या फाट्याभोवती गेलेली नाही ना, नाहीतर ओढल्यावर फाटा बूमशी दाबला जातो. आणि सुट्या तळकडेचं शीड असेल तर रीफचे बंद शीड नि बूम यांच्यामधून बांधा, बूमखालून फाट्यांसकट नाही. मागची कड ओढताना बूम वर उचललेली असायला हवी, म्हणजे लेझी जॅकही सैल राहतात.

शीड भरून चालू असताना वाऱ्याआडच्या बाजूची दोरी शिडाच्या पोटाला टेकता कामा नये. १५-२० सेंटिमीटर तरी सैल ठेवा, किंवा लांबचा पल्ला असेल तर दोन्ही बाजू आकड्यांमागे पाठवा. मी एक हंगाम आळस केला. दोऱ्या तशाच ताठ ठेवल्या, कारण चढवताना अडकत नव्हत्या. हंगाम संपल्यावर शीड जमिनीवर पसरलं तर दुसऱ्या बॅटनच्या खिशावर बोटभर रुंद, तिरका, राखाडी पट्टा होता. नखाने खरवडलं तसा शिवणीचा दोरा तुटून हातात आला. आठ महिने दर लाटेला ती दोरी तिथे घासत होती.

आच्छादनाची पिशवी आणि लेझी जॅक एकत्र असलेली लेझी बॅगही तुमच्या डोक्यात येईल. ती सोयीची आहे, चेन ओढली की शीड झाकलं. पण पिशवीचे काठ या दोऱ्यांवरच टांगलेले असल्यामुळे त्या पूर्ण पुढे घेता येत नाहीत आणि चढवतानाची कसरत कायम राहते. दोघांच्या बोटीसाठी मी आधी नुसते लेझी जॅक बसवीन, एक हंगाम वापरीन, आणि वाटलंच तर पिशवी नंतर शिवून घेईन. वरची कप्पी नि दोऱ्या तेव्हाही कामाला येतात.

शेवटचं एक काम दोऱ्या बसवल्याच्या दिवशीच उरका. क्लीटजवळ प्रत्येक दोरीवर दोन खुणा रंगीत दोऱ्याने शिवून घ्या, लाल म्हणजे शीड उतरवतानाचा ताण, निळी म्हणजे चालू असतानाची ढील. मार्करची शाई एका उन्हाळ्यात उडते, शिवलेला दोरा अंधारात बोटांनाही लागतो. दोन्ही बाजूंच्या लाल खुणा एकाच उंचीवर आल्या की शीड मधोमध उतरतं. एक बाजू चार बोटं जास्त ओढलेली असली तरी सगळा ढीग दुसऱ्या बाजूला कलतो.